ह्यूमेन चिमटा

देवीच्या देवळात गुरवानं खोबऱ्याचा तुकडा जरा मोठा दिला, तर राणीसावरगावातला दुसरा कुणीही माणूस तो कपाळाला लावून तोंडात टाकी. सटवाजी तो तळहातावर ठेवत, गुरवाच्या डोळ्यांत बघत आणि विचारत, "आज कामून येवढा?"

यात गुरवाचा अपमान करावा असं काही त्यांच्या मनात नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. जगात कुणी कुणाला उगीच काही देत नाही, आणि दिलंच तर ते मागाहून कुठून तरी वसूल होतं, हा त्यांचा सिद्धांत होता. तो त्यांनी मोगलाईत राहून स्वतःच्या अंगावर तपासून घेतला होता. निजामाच्या अमलात लेव्हीचं धान्य न्यायला एक अव्वल कारकून यायचा. आल्याबरोबर तो "बैठो सटवाजी, बालबच्चे कैसे हैं?" अशी आपुलकीनं चौकशी करायचा. ज्या साली तो बालबच्च्यांबरोबर म्हशीचीही चौकशी करी, त्या साली कणगीचा तळ दिसे. तेव्हापासून गोड बोलणारा सरकारी माणूस लांबून दिसला, की सटवाजी आधी कणगी झाकत आणि मग रामराम घालत.

पुढे मोगलाई गेली. हैदराबाद स्टेटही गेलं, आणि आपण आता मुंबई राज्यात गेलो असं छप्पन साली चावडीवर कुणीतरी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सटवाजी न्याहारी न करताच शेताकडे गेले आणि बांधावरचे दगड जागच्या जागी आहेत ना, ते बघून आले.

"गेलो म्हन्त्यात," ते पारूबाईंना म्हणाले, "पन हाव तर जिथल्या तिथं. काय तरी हाय यात."

"व्हय," पारूबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

पारूबाई म्हणजे त्यांची बायको. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे भाकरी थापता थापता 'व्हय' म्हणायचं, ही एकच युक्ती, आणि ती बाईंना उत्तम साधली होती. कालवणात मीठ कमी पडलं तर सटवाजी 'मीठ कमी हाय' म्हणत नसत. 'मीठ कुनाला दिलंस?' म्हणत. त्यालाही बाई 'व्हय' म्हणत. मग जेवण होईपर्यंत सटवाजी त्या 'व्हय'चा विचार करत बसत आणि मीठ विसरून जात.

तर अशा या सटवाजींच्या गोठ्यात हरण्या वाढला.

हरण्या घरचाच गोऱ्हा. अंगानं हरणासारखा तांबूस, आणि कपाळावर चुना लावलेल्या बोटानं टेकवावा तसा पांढरा चांद. तो जन्मला आणि चार दिवसांत त्याची आई गेली, म्हणून पारूबाईंनी त्याला बोट चोखायला लावून लोट्यातलं दूध पाजलं होतं. गोठ्यात पाखऱ्या आणि तांबड्या अशी बैलांची जोडी होती. त्यातला तांबड्या आता म्हातारा झाला होता. चिखलात पाय रुतला की तो मागं वळून सटवाजींकडे असा बघायचा, की त्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं. रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीला तांबड्याच्या जागी हरण्याला जुवाखाली घ्यायचं, हे घरात ठरलेलं होतं.

आणि जुवाखाली घ्यायचं तर आधी त्याला खच्ची करणं आलं. आमच्याकडे त्याला ठेचणं म्हणतात, आणि जसा शब्द तसंच ते काम. गोऱ्ह्याला दोरांनी आडवा पाडायचा, चौघांनी दाबून धरायचा, आणि दोन लाकडांत नस धरून वरून दगड घालायचा. तो ओरडला, की गावातल्या बायका घरात जाऊन भांडी वाजवायला लागत. हे काम ओढ्यापलीकडच्या वाडीचा सुग्रीव करी. सुग्रीव माणूस देवभोळा. दगड उचलण्याआधी बैलाच्या पाया पडायचा.

पण हे काम अर्धवट राहिलं तर काय होतं, हे सटवाजींइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरुणपणी त्यांनी बाजारातून एक बैल आणला होता. ठेचणाऱ्याचा हात हलका पडला होता आणि बैल कच्चा राहिला होता. ऐन पेरणीत त्यानं बांधापलीकडं गाय बघितली आणि जू, तिफण आणि सटवाजी असा सगळा संसार घेऊन तो तिच्याकडे निघाला. तेव्हापासून सटवाजींचा डावा पाय चालताना जरा मागं राहायचा. त्यांच्या संशयी स्वभावाचं मूळ कुणी मोगलाईत शोधायचं, कुणी त्या पायात.

सत्तावन्न साली आषाढात, पेरण्या उरकल्यावर, गावात जीप आली. जीपमधून जनावरांचे डॉक्टर उतरले. त्यांचं नाव माणिकराव. साताऱ्याकडचा तरुण माणूस, खाकी अर्धी चड्डी, आणि बोलणं इतकं गोड की सटवाजींनी ऐकताक्षणी घरी निरोप पाठवला, "कनगी झाका."

डॉक्टरांनी चावडीपुढं पेटीतून एक भला मोठा लोखंडी चिमटा काढला आणि वर धरून दाखवला.

"मंडळी, आता दगड बंद. या चिमट्यानं कातडीच्या आतली नस दाबायची. काप नाही, रक्त नाही, घटकाभरात बैल उठून चरायला लागतो. सरकारतर्फे फुकट. ही पद्धत ह्यूमेन आहे, ह्यूमेन!"

लोकांत कुजबुज झाली. फुकट हा शब्द सगळ्यांना कळला होता. ह्यूमेन कुणालाच कळला नव्हता. पुढचा तासभर डॉक्टर बोलत होते, आणि अधूनमधून तो शब्द येतच होता. दगड इनह्यूमेन, चिमटा ह्यूमेन, आपण सगळ्यांनी आता ह्यूमेन व्हायला पाहिजे. सटवाजी मागं उभे राहून ऐकत होते. ज्या शब्दावाचून या माणसाचं वाक्य पुरं होत नाही, त्या शब्दातच काहीतरी दडलंय, हे त्यांनी ताडलं आणि ते थेट शाळेच्या ओट्यावर गेले.

शाळेचे राधाकिशन मास्तर मूळचे उर्दूत शिकलेले. राज्य बदललं तसं त्यांना उतारवयात इंग्रजी शिकावं लागलं होतं, आणि ते त्यांनी एका जुन्या इंग्रजी-उर्दू डिक्शनरीवरून शिकून घेतलं होतं. त्यामुळं त्यांचं इंग्रजी हैदराबादेवरून वळसा घालून यायचं.

"मास्तर, ह्यूमेन म्हंजी काय?"

मास्तरांनी पानं उलटली. "रहमदिल."

"बस्स!" सटवाजी उठले. "तो लेव्हीवाला बी रहमदिलच हुता. उठा, गोऱ्हे लपवा."

"अवो बसा तर खरं! दयाळू म्हना मंग."

"देव दयाळू आसतु. सरकार कामून आसंल?"

मास्तरांना आता शिकवायची सुरसुरी आली. त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा सटवाजी, इंग्रजीत दयेचे लय प्रकार हायेत. शिक्षा द्यायचा हक्क आसून जो सोडून देतो, तो मर्सिफुल. म्हंजी राजा न्हाई तर न्यायाधीश. दुसऱ्याचं दुखनं बघून ज्याच्या पोटात कालवतं, तो कंपॅशनेट. म्हंजी समजा आपल्या पारूबाई. आनि ह्यूमेन म्हंजी रडतबी न्हाई आन् सोडतबी न्हाई. काम करायचंच हाय, पन ज्याच्यावर करायचं त्यालाबी जीव हाय, हे ध्यानात ठिवून करायचं. मान्सापरमानं."

सटवाजींनी एक बोट दुमडलं.

"म्हंजी ठेचायचं हायच."

"हायच."

"पन दया येऊन."

"व्हय."

"दया आली तर ठेचायचं कामून?"

मास्तरांनी डिक्शनरी मिटली. "त्याचं असं हाय," ते म्हणाले, "हा शब्द इंग्रज लोक बहुतेक अशाच जागी वापरत्यात. कैद्याला कसं ठिवावं, लंगडा घोडा कसा मारावा. जिथं कुनीतरी कुनाच्या तरी हातात सापडलेलं आसतं, तिथं. नुसत्या चांगल्या मान्साला ते गुड म्हन्त्यात."

"मंग मान्साला काय म्हन्त्यात?"

"ह्यूमन. ह्यूमन म्हंजी मानूस, आन् ह्यूमेन म्हंजी मान्सासारखा वागनारा."

"दोन शब्द?" सटवाजींचा चेहरा उजळला. "मानूस म्हनलं की भागत न्हाई व्हय त्यांचं? बघा मास्तर, त्यांचाबी मान्सावर भरोसा न्हाई!"

आणि इंग्रजांविषयी आयुष्यात पहिल्यांदाच जराशी आपुलकी वाटून ते घरी आले. बघतात तर गोठ्यात हरण्याचं दावं रिकामं.

पारूबाईंनी ना मास्तरांना विचारलं होतं, ना डिक्शनरीला. 'दगड बंद' एवढे दोन शब्द त्यांनी ऐकले, हरण्याला सोडला आणि सरळ चावडीपुढं नेऊन उभा केला. सटवाजी लंगडत तिथं पोचेपर्यंत डॉक्टर चिमटा पुसत होते आणि हरण्या कुणाच्या तरी कुंपणातला वेल ओढत होता.

"झालं, मामा," डॉक्टर म्हणाले.

"काय झालं?"

"झालं, झालं. जा घेऊन."

सटवाजींनी हरण्याभोवती एक फेरी मारली. मग वाकून बघितलं. "रगत?"

"रक्त नाहीच. तेच तर ह्यूमेन!"

"पन मंग झालं हे हरन्याला तरी कळलं का?"

लोक हसले. डॉक्टरही हसले. सटवाजी हसले नाहीत, कारण पेरणीला जुवाशेजारी त्यांचा पाय असणार होता.

त्या दिवसापासून हरण्यावर नजर सुरू झाली. खाल्लं तर का खाल्लं, नाही खाल्लं तर का नाही. चार दिवस सूज होती तेव्हा सटवाजी जरा निर्धास्त होते. सूज उतरली तसा संशय चढला. डॉक्टर एकदा रस्त्यानं जाताना भेटले, तर म्हणाले, "काही महिने जाऊ द्या मामा. नस आतून सुकते, बाहेरून लगेच कळत नाही."

"दिसनार न्हाई अशी गोष्ट करून गेला," सटवाजी घरी येऊन म्हणाले. "दगडाचं कसं, डोळ्यासमोर आसतं."

"व्हय. बैलाच्याबी," पारूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. शेजारच्या कस्तुराबाईची एक कपिला गाय होती. रोज संध्याकाळी सटवाजी हरण्याला पाणी पाजायच्या निमित्तानं तिच्या दारावरून नेत आणि त्याच्या कानाकडे बघत. हरण्या तरुण होता, मोकळा होता, नवं काही दिसलं की मान वर करायचा. तो गायीला बघून मान वर करी. तो कस्तुराबाईला बघूनही मान वर करी. सटवाजी फक्त पहिली मान धरत.

"अवो भावजी," एक दिवस कस्तुराबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "रोज माझ्या गाईला नवरदेव दाखवायलाव, त्ये लगीन जमवायचं हाय का मोडायचं?"

सटवाजींनी त्याच रात्री निर्णय सांगितला. कच्चा बैल पोळ्यात मिरवायचा नाही. सणाआधी सुग्रीवाला बोलवायचं, आणि एकदाचं दगडानं खात्रीचं काम करून घ्यायचं.

पारूबाई भाकरी थापत होत्या. या वेळी त्या 'व्हय' म्हणाल्या नाहीत. हात थांबवून म्हणाल्या, "दोनदा?"

"मंग काय करू? माझा पाय बघ. उद्या तिफनीमागं तू आसलीस तर?"

"मी आसन. माझं मी बघन. त्याला एकडाव झालंय, त्याला दुसऱ्यांदा आडवा पाडला तर मी माहेराला जाईन आन् सांगून जाईन कशापायी चालले त्ये."

"कुनी शिकवलं तुला हे? मास्तरनं?"

बाईंनी भाकर तव्यावर टाकली आणि उठून गोठ्यात गेल्या. ती भाकर करपली. त्या घरातली ती पहिली करपलेली भाकर, आणि ती कुणी करपवली हे सटवाजींनी विचारलं नाही.

तरी सुग्रीवाला सांगावा गेला.

आता आमच्याकडची खांदेमळणी सांगितली पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, वर्षभर जू वाहून निबर झालेले बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकतात, त्यांना लोणी आणि हळद चोळतात, आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." पाहुण्याला द्यावं तसं रीतसर आमंत्रण. एकदा ते दिलं की तो बैल त्या घरचा पाहुणा. मग सण उलटेपर्यंत त्याच्यावर काठी उगारायची नाही, त्याला शिवी द्यायची नाही, औताला धरायचं तर नावच नको. आणि हा मान जुवाच्या बैलाचा. जो अजून औताचा झाला नाही, त्या गोऱ्ह्याच्या खांद्याला कुणी लोणी लावत नाही.

सुग्रीव सकाळी यायचा होता. पण ओढ्याला पाणी आलं आणि सकाळ गेली, दुपार गेली. सटवाजी दारात उभे राहून रस्ता बघत होते. येत का नाही? कुणी अडवला? पारूबाईंच्या माहेरचं कुणी ओढ्यापलीकडं राहतं का? शेवटी दिवस कलला. घरोघर खांदेमळणी सुरू झाली. सण काही सुग्रीवासाठी थांबत नाही, म्हणून सटवाजी लोण्याची वाटी आणि हळद घेऊन गोठ्यात शिरले.

पाखऱ्याचे खांदे मळून झाले. आवतण दिलं. मग तांबड्या. म्हाताऱ्याच्या खांद्यावरचा घट्टा चोळता चोळता सटवाजी बराच वेळ तिथंच रेंगाळले. यंदाचं याचं शेवटचंच आवतण, पुढल्या साली हा नुसता बसून जेवणार. त्यांनी वाटीतलं आणखी बोटभर लोणी त्या घट्ट्यावर थापलं.

शेजारी हरण्या बांधलेला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोघांना काहीतरी मिळतंय आणि आपल्याला मिळत नाही, एवढंच त्यानं बघितलं, आणि दावं ताणून आपली मान सटवाजींच्या काखेखाली घुसवली. लोण्याचा हात होताच. हात त्या मऊ खांद्यावर गेला. तिथं घट्टा नव्हता, चोळण्यासारखं काही नव्हतं, तरी हात चोळत राहिला. आणि तीस-चाळीस वर्षांची सवय असलेलं तोंड हातामागून गेलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

बोलून झाल्यावर सटवाजींनी कान टवकारले. कुणी ऐकलं का, ते बघायला ते वळले.

दारात पारूबाई उभ्या होत्या. आणि त्यांच्या मागं, गुडघ्यापर्यंत भिजलेला, खांद्यावर दोन लाकडं आणि हातात दगड घेतलेला सुग्रीव.

"सटवादादा," सुग्रीव म्हणाला, "तिघायलाबी आवतन?"

"तोंडातून गेलं. चुकून."

"आवतन चुकून जातं व्हय? आन् गेलं तर मागं घ्यायची रीत हाय का कुठं?" सुग्रीवानं दगड खाली ठेवला आणि हात जोडले. "जेवायला बोलावलेल्या पाव्हन्याला दारात आडवा पाडायचा, हे पाप मला नगं बाबा. मी येतो."

पारूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हसू लपवायला की रडू, ते त्या अंधुक उजेडात कळत नव्हतं, आणि सटवाजींनी बघायचं टाळलं.

आता हार कबूल केली असती तर ते सटवाजी कसले! ते पुढं झाले. सुग्रीवाचा दगड उचलून त्यांनी तो उलटसुलट केला.

"ह्याला चीर पडलीय."

"कुठं?"

"मला दिसायलीय. असल्या दगडानं किती गावचे बैल कच्चे ठिवलेस रे तू? माझ्या हरन्याला हा लावनार हुतास? बरं झालं बघितलं. न्हाई, तुझा भरोसाच न्हाई मला. उचल हा आन् चल नीघ."

सुग्रीवानं बिचाऱ्यानं दगड घेतला, चीर शोधली, ती सापडली नाही, आणि तो निघाला. तो दारापर्यंत गेला तेव्हा सटवाजी मागून खेकसले, "आन् आयक. उद्या हिकडंच ये जेवायला. पुरनाची पोळी हाय."

सुग्रीव जागीच थांबला. त्यानं वळून आधी सटवाजींकडे बघितलं, मग पारूबाईंकडे, मग हातातल्या दगडाकडे.

"मला? आज कामून येवढं?"

"ये म्हनलं तर ये!" सटवाजी म्हणाले.

पोळ्याला हरण्या पाखऱ्याशेजारी मिरवला. ज्वारीच्या पेरणीला तो जुवाखाली आला. पारूबाई तिफणीवर मूठ धरायला आल्या, तर सटवाजींनी त्यांना बांधावर बसवलं आणि आपण हरण्याच्या अंगाला, आपला लंगडा पाय मुद्दाम त्याच्या बाजूला ठेवून, दिवसभर चालले. काय व्हायचं ते याच पायाचं होऊ दे, तो असाही बिघडलेलाच आहे, असा त्यांचा हिशेब असावा. संध्याकाळी मास्तर वाटेत भेटले आणि म्हणाले, "काय सटवाजी, कळलं का ह्यूमेन म्हंजी काय त्ये?"

"न्हाई," सटवाजी म्हणाले. "बैल नीट चालला, येवढंच कळलं. आजचा दिस."

हरण्यानं पुढं कितीतरी पेरण्या ओढल्या. जू मोडलं नाही, बांध ओलांडला नाही, कस्तुराबाईच्या गायीकडे तर त्यानं नंतर मान वळवून बघणंही सोडून दिलं. डॉक्टर माणिकराव बदली होऊन गेले तेव्हा मुद्दाम निरोप घ्यायला आले, "आता तरी पटलं ना मामा?" सटवाजींनी त्यांना बसायला घोंगडं टाकलं, ताक पाजलं आणि म्हणाले, "बघायलोय."

आणि ते खरोखरच बघत होते. गावात कुणाचीही गाय व्याली, की पहिल्या दिवशी सटवाजी लंगडत तिथं हजर व्हायचे. चीक खायला आले असतील म्हणून बायका वाटी पुढं करायच्या, ती ते बाजूला सारायचे. वासरापुढं उकिडवे बसून, त्याच्या कपाळावरचे ओले केस अंगठ्यानं बाजूला करून, हरण्यासारखा चांद आहे का ते नीट बघायचे. नसला की उठायचे.

"न्हाई हितं बी," घरी येऊन ते पारूबाईंना सांगायचे, आणि गोठ्यात जाऊन हरण्याच्या खांद्यावरून हात फिरवता फिरवता म्हणायचे, "पन बघत ऱ्हायला पायजे."

"व्हय," पारूबाई म्हणायच्या.